गंज चढवणारे मामा

मळकी दिसणारी वस्तू मळकीच असते, असे मी पन्नाशीपर्यंत मानत होतो. म्हणूनच लेक जुईच्या शोकेसमधला वीतभर उंचीचा, धातूचा चिलखती योद्धा एका रविवारी खाली काढला आणि थिनरच्या बोळ्याने घासून लख्ख केला. अंगावरचा तो गंज, ते ओरखडे, बुटांवरचा चिखल हे सगळे जुईने तीन महिने खपून रंगाने काढले होते. बायकोने हे सांगितले तेव्हा योद्धा दाढी करून आलेल्या नवरदेवासारखा तुळतुळीत उभा होता.

याआधी मी तिच्या कॉलेजच्या वह्या रद्दीत घातल्या होत्या. तेव्हा ती सहा महिने माझ्याशी फक्त आईमार्फत बोलत होती. आता दिवाळीला पुण्याहून यायला तिला आठ दिवस होते. मी योद्धा टॉवेलात गुंडाळला आणि ‘दुसरा हात’ मामांकडे धावलो.

गंगाखेडच्या बसस्थानकामागे मामांची पाट्या रंगवायची टपरी होती. रंगाचा दुसरा थर म्हणजे दुसरा हात, आणि तो मारल्याशिवाय मामांचे समाधान होत नसे. चहासुद्धा ते दोनदा पीत. “पयला हात नुसता ओळखीचा असतो,” म्हणत. कुणा नवरा-बायकोचे भांडण कानावर आले, की विचारत, “लग्नाला किती दिस झाले? तीन महिने? मंग वाळू द्या की पयला हात!”

माझी मागणी ऐकून ते रंगाच्या डब्यावरून उठलेच. “आरं भाच्या, जिंदगी गेली माझी जुन्याचं नवं करन्यात. आन तू नव्याचं जुनं करून मागायलास? माझी काही इज्जत हाय का न्हाई?”

मी योद्ध्याचा घासण्याआधीचा फोटो दाखवला. त्यांनी तो नाकाजवळ धरला. मग मला घेऊन रस्त्यापलीकडे उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीमागे जाऊन उकिडवे बसले. “बघ, गंज कुटंबी चढत न्हाई. पानी जिथं थांबतं, तिथंच चढतो.” आम्हाला चाकाशी वाकलेले पाहून ड्रायव्हर ओरडत आला, “ओ काका, काय पाहिजे?”

“गंज,” मामा म्हणाले.

“न्या की मंग. लय हाय.”

विटेचा बारीक चुरा तपकिरी रंगात कालवून मामांनी गादीतल्या फोमच्या तुकड्याने तो टिपायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी योद्ध्यावर शेंगदाण्याची चटणी सांडल्यासारखी दिसत होती. माझा चेहरा पाहून ते म्हणाले, “हा पयला हात हाय. तोंड पाडू नको.” रोज संध्याकाळी मी जाऊन बसायचो आणि ते खांद्याच्या सांध्यात, पट्ट्याखाली, गुडघ्याच्या खाचेत पाणी कुठे थांबेल ते शोधायचे. सातव्या दिवशी योद्धा खरोखर पाच पावसाळे उघड्यावर काढल्यासारखा दिसू लागला. तेवढ्यात सवयीने मामांचा हात वॉर्निशच्या ब्रशकडे गेला. मी त्यांचे मनगट धरले. “मामा, चमक नको!”

“बिनचमकीचं काम?” ते कळवळून म्हणाले. “लोक म्हनतील, म्हातारा झाला.”

दिवाळीत जुई आली. योद्धा खिडकीपाशी नेऊन तिने उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, “छान दिसतोय, बाबा.” मग माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. मी सुटलो या आनंदात चौथी करंजी खाल्ली.

गेल्या वैशाखात मामा गेले. टपरीच्या जागी आता मोबाइलची कव्हरे मिळतात. त्यांची आठवण आली म्हणून परवा मी योद्धा अलगद हातात घेतला, तर बुटाच्या तळव्यावर मुंगीएवढी अक्षरे दिसली. मामा दुकानांच्या पाट्यांवर खाली कोपऱ्यात घालत तशीच सही: ‘पेंटर, गंगाखेड’.

मी तसाच स्वयंपाकघरात गेलो. “अगं, हे जुईनं तेव्हा पाहिलं असेल का?”

बायको मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “अहो, तुम्ही तो घासलात, त्याच दिवशी तिला मी फोन केला होता. आधी रडली. मग म्हणली, बाबांना काही बोलू नको, ते आपणहून सांगतील. दोन दिवाळ्या झाल्या, लेकरू अजून वाट बघायलंय.”