कार्मेलची चढण

ग्राऊ फाब्रेगात हा माणूस उभ्या आयुष्यात सभेत एकदाच बोलला. नसता बोलला तर बरं झालं असतं, असं त्याला तोंडावर सुनावणाऱ्यांत मीही होते.

पोब्लेनोऊमधल्या आमच्या बॉयलरच्या कारखान्यात तो मालमोटारींचे पाटे, म्हणजे चाकांवर वजन पेलणाऱ्या पोलादी स्प्रिंगा, बनवायचा. चोपन्न वर्षांचा, बायको लवकर गेलेली, बोलणं मोजकं. तयार पाट्याला टिचकी मारून तो कान लावायचा आणि आवाज पटला नाही तर पाटा पुन्हा भट्टीत टाकायचा. छत्तीस सालच्या जुलैत यादवी युद्ध पेटलं, मालक पळाला, कारखाना आम्हा कामगारांचा झाला, आणि आम्ही ऊठसूट मतं घ्यायला लागलो. चण्यांत डुकराचं मांस घालायचं की नाही, यावरसुद्धा हात वर व्हायचे. जो तो एकमेकांना अरे-तुरे करू लागला होता. मला मात्र ग्राऊकाकांना ‘तुम्ही’शिवाय काही म्हणवेना.

ऑगस्टमध्ये काम आलं. बिअरची पिंपं वाहणारी एक मालमोटार चिलखती करून आघाडीवर पाठवायची. गाडी चालवणार ग्राऊचा धाकटा भाऊ सेलदोनी. सहा वर्षं तोच तिच्यावरून पिंपं पोचवत होता. मी तोवर पोती शिवत होते, त्या महिन्यात पत्रे जोडायच्या रिबिटी ठोकायला शिकले. ठोकलेल्या प्रत्येक रिबिटीचा मला गर्व होता.

बोरोनात हा आमच्या कामगार समितीचा प्रमुख. पूर्वीचा ट्रामचा कंडक्टर, मनानं चांगला, तोंडानं मोठा, आणि आता कमरेला पिस्तूल.

“आपल्या पोरांना गोळी लागता कामा नये,” तो सभेत गरजला. “एक पत्रा नको, दुहेरी ठोका!”

टाळ्या थांबल्यावर ग्राऊ उभा राहिला. “गाडी तीन टन पेलणारी आहे. एका पत्र्यातच तिचं पोट भरलं. दुसरा ठोकलात तर ती चढावर बसेल. शत्रूसमोर बसली की आतले पाचही जण संपले.”

“म्हणजे पोरांना उघडं पाठवायचं?” बोरोनात म्हणाला. “ही कुणाची भाषा रे?”

शत्रूची, असं त्याला म्हणायचं होतं. असा सवाल विचारला गेल्यावर त्याच महिन्यात आमच्या गल्लीतल्या दोघांना मोटारीत बसवून नेलं होतं, ते परत आले नव्हते. मतं पडली. एक्केचाळीस विरुद्ध एक. एक्केचाळिसांत माझा हात होता आणि सेलदोनीचाही.

“दादा, लोक मला वाचवायला निघालेत आणि तू आडवा येतोस?” बाहेर पडताना सेलदोनी म्हणाला.

“चढ कसा चढशील?”

“इथे चढ आहे कुठे?”

खरंच नव्हता. आमचा सगळा भाग तळहातासारखा सपाट. निरोपाची मिरवणूक ठरली तीही सपाट रस्त्यांवरून. गाडी चढावर घालून बघावी असं एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. गाडीवर कुठल्या संघटनेची अक्षरं मोठी काढायची, यावर मात्र दोन दिवस भांडलो.

निघायच्या दिवशी सकाळी बँड आला, झेंडे आले. पुढे बोरोनात बसला, मी मागच्या पायरीवर लटकले. ग्राऊ चालकाला बाहेर बघायला ठेवलेल्या फटीशी गेला.

“आईला तोंड दाखवून जा,” तो भावाला म्हणाला. “गाडी घेऊनच जा. बघू दे तिला.”

त्यांची आई राहायची कार्मेलच्या टेकडीवर, अगदी वर. सेलदोनी विरघळला. गाडी टेकडीकडे वळली तेव्हा मी ग्राऊकडे पाहिलं. तो खांद्यावर लाकडाचा ओंडका घेऊन गाडीच्या बाजूनं चालत होता. हा माणूस भावाची गाडी सगळ्यांदेखत बसवायला निघाला होता. बसली की लोक वजन बघणार नव्हते, त्याचे पाटे बघणार होते.

अर्ध्या चढणीवर इंजिन रडायला लागलं. गाडी थांबली. खालून काडकन आवाज आला आणि ती मागे घसरू लागली. मागे बँड, बायका, पोरं. किंकाळ्या उठल्या. ग्राऊनं ओंडका चाकामागे सारला. गाडी एक हिसका देऊन त्यावर टेकली.

बोरोनात उडी मारून उतरला. पिस्तूल हातात. “ओंडका घेऊनच आला होतास! तुला ठाऊक होतं!”

“होतं. सभेत सांगितलं होतं.”

“पाटा कापलास तू!”

ग्राऊ गाडीखाली वाकला आणि तुटलेला तुकडा ओढून घेऊन आला. “जुनी चीर असती तर आत काळं पडलं असतं. बघ, सगळं करडं आहे. आत्ता तुटलाय, वजनानं.”

बोरोनातला लोखंडातलं काय कळणार! तो गर्दीकडे वळला. “यानं घात केला असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा!”

एक हात वर गेला. मग तीन. मग बरेच. मी पुढे होऊन तो तुकडा घेतला, उलटासुलटा पाहिला. “काळं नाहीये,” मी ओरडले. “ज्याला शंका असेल त्यानं येऊन बघावं. आधी बघा आणि मग हात वर करा!”

कुणी आलं नाही. हात मात्र तसेच राहिले.

तेवढ्यात वरचं झाकण उघडून सेलदोनी बाहेर आला, घामानं निथळत. त्यानं एकदा खाली उताराकडे पाहिलं, एकदा भावाकडे.

“मतं घेत बसा तुम्ही,” तो म्हणाला. “आत मी बसणार आहे. तेक्ला, छिन्नी आण. बाहेरच्या पत्र्याच्या तुझ्या सगळ्या रिबिटी उडव.”

मी उडवल्या. रडत उडवल्या. बाहेरच्या थराचा तिसरा पत्रा सुटेपर्यंत बोरोनातचं पिस्तूल हातातच होतं. चौथा निघताना त्यानं ते खोचलं आणि एक टोक स्वतः धरलं. संध्याकाळी नवा पाटा घालून गाडी टेकडीवर पोचली, आणि आईनं फटीतून टोमॅटो चोळलेला पाव आत दिला.

दीड महिन्यानं गाडीतला मशीनगनवाला कारखान्यात आला, हात गळ्यात बांधलेला.

“नाल्यात अडकलो होतो,” तो म्हणाला. “गोळी दाराचा पत्रा भेदून आली, सेलदोनीच्या बरगडीत. तशातही त्यानं गाडी चढ चढवून आमच्या बाजूला आणली. मग इंजिन बंद केलं. आम्ही चौघं वाचलो. तो गेला.”

मागून कुणीतरी पुटपुटलं, “दुहेरी असता तर अडली असती गोळी.”

ग्राऊनं ऐकलं. सांडशी खाली ठेवून तो कार्मेलकडे चालू लागला. त्याला एकट्याला जाऊ देणं मला जमेना.

आई दारात शेंगा सोलत होती. तो तिच्यासमोर उभाच राहिला.

“आई, सेलदोनी गेला. गोळी एका पत्र्यातून आली. दुसरा मी काढायला लावला होता.”

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिनं विचारलं, “बाकीचे?”

“चौघं परत आले. गाडी चढली म्हणून.”

“आया आहेत त्यांना?”

“आहेत.”

“त्यांना सांग, आभार मानायला माझ्याकडे येऊ नका. निदान या वर्षी तरी नको.”

ग्राऊ मान खाली घालून वळला.

“तू कुठे निघालास?” ती ओरडली. “तू बस इथे.”