मंगलच्या ताटात यंदा कोण जेवतं

आमचे हे गेले, त्या दिवशी मी त्यांचं जेवणाचं ताट लपवून ठेवलं.

आज वर्ष झालं. म्हणून खरं लिहिते.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पुढचं वाचायला मी होस्टेलच्या पोरींच्या पुस्तकांतून शिकले. लिहिण्यात चूकभूल झाली तर समजून घ्या.

एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झाल्यावर यांनी खामगावात खेड्यावरच्या मुलींसाठी होस्टेल काढलं. भाड्याचं घर, वीस पोरी, आणि स्वयंपाकाला मी.

सगळं चालायचं लोकांच्या देणगीवर.

कोणी पलंग दिले, कोणी गहू दिला. देऊन झालं की लोकांना वाटायचं, आता कंडक्टर भाऊ पुढच्या वर्षीच दिसणार.

हे पुढच्याच आठवड्यात जायचे. मागायला नाही, सांगायला.

पलंग देणाऱ्याला जाऊन सांगायचे, तुमच्या पलंगावरच्या पोरीला ताप होता, आता उतरला. मी चिडायचे. एवढ्यासाठी उन्हातून कशाला जाता?

म्हणायचे, "त्याहीनं पलंग देला. त्याच्यावर कोन झोपते, हे त्याहीले कोन सांगन?"

भाची शहरात एका संस्थेत आहे. ती म्हणते, मामी, याला डोनर रिलेशन म्हणतात, त्याचं ट्रेनिंग असतं.

यांचं ट्रेनिंग सगळं बसमध्ये झालेलं.

शांताबाई भाजीबाजारात हातगाडी लावतात. त्यांची मुलगी मंगल लहानपणीच वारली. होस्टेल सुरू झालं त्या वर्षी त्यांनी एक स्टीलचं ताट आणून दिलं. काठावर नाव टाकलेलं, कु. मंगल.

काठाला थोडा पोचा होता. दुकानदारानं बाईला फसवलं, असं मी मनात म्हटलं.

दर जूनमध्ये हे एका नव्या पोरीला त्यांच्या गाडीपाशी न्यायचे.

"शांताबाई, यंदा मंगलच्या ताटात ही जेवते."

शांताबाई तिला गाव विचारायच्या, भात आवडतो की भाकर ते विचारायच्या. आणि दर बाजाराला होस्टेलला भाजी यायची. त्यांचं बघून शेजारच्या गाड्यांवरूनही यायची. वीस पोरींची भाजी त्या एका बाईच्या शब्दावर होती.

मग एकदा पोरींची सहल लोणारला गेली. डबे नेले, ताटं नेली. वैशाली नावाच्या पोरीनं मंगलचं ताट नळाखाली घासलं आणि तिथंच विसरली.

हे दुसऱ्या दिवशी पुन्हा लोणारला जाऊन आले. ताट नव्हतं.

मी म्हटलं, "तसंच दुसरं आना अन् नाव टाकून घ्या. तिले काय समजते?"

"अन् मंग जूनमधी तिच्या गाडीपाशी उभा राहून मी काय सांगू?"

गेले आणि सांगून आले. शांताबाईंनी म्हणे ऐकून घेतलं. मेथीच्या जुड्या बांधत राहिल्या.

पुढचे दोन बाजार भाजी आली नाही. कोणाचीच नाही.

मी टोमणा मारला. "पोरींले आज तुमचं खरं बोलनंच वाढते."

हे नुसतं वरण-भात जेवून उठले.

तिसऱ्या बाजाराला शांताबाई स्वतः आल्या. डोक्यावर टोपलं. विचारलं, हरवणारी पोरगी कोणती? वैशाली दाराआड लपली होती.

"थे ताट नवं नोतं, भाऊ. मंगलचंच होतं. तिनं आपटलं होतं, म्हून पोचा होता."

माझ्या हातातला झारा हातातच राहिला.

त्यांनी वैशालीला ओढून जवळ घेतलं. "रडू नको माय. तिकडं कोनी तरी जेवूनच राह्यलं असन त्याच्यात."

मग यांना म्हणाल्या, "तुमी नवं आनून ठेवलं असतं, तं मी काईच बोलली नसती. फक्त आली नसती."

ताट गेलं, पण जूनमध्ये पोरीला घेऊन जाणं यांनी सोडलं नाही. "यंदा मंगलच्या नावानं ही जेवते," एवढाच फरक.

मागच्या वर्षी हे गेले. तेरवीला शांताबाई आल्या. भांड्यांच्या मांडणीकडे बघून हळूच विचारलं, "वयनी, भाऊचं ताट कुठी हाये? होस्टेलले देता का?"

मी म्हटलं, सापडत नाही.

ताट माझ्या पेटीत होतं, लुगड्याखाली.

त्या म्हणाल्या, "बरं. सापडलं की सांगा."

आता देणाऱ्यांकडे मीच जाते. यांच्यासारखं बोलता येत नाही, पण जाते. या जूनमध्ये नव्या पोरीला घेऊन शांताबाईंच्या गाडीपाशीही गेले. सगळं बोलले आणि एवढं एक बोलले नाही.

आज सकाळी पेटी उघडली. ताट पिशवीत घातलं आणि आधी बाजारात गेले.

"शांताबाई, हरवलं नोतं. मी लपवलं होतं."

त्यांनी ताट हातात घेतलं, पदरानं पुसलं आणि मला परत दिलं.

"मले मालूम होतं. मंगलचं मी सा वर्सं लपवलं होतं."

तर अहो, तुम्हाला कळवते.

आज दुपारी तुमच्या ताटात रोहिणखेडची पोरगी जेवली. अकरावीत आहे. वडील शिवणकाम करतात. वांग्याची भाजी होती, वांगी शांताबाईंची. भाकर तिनं दुसऱ्यांदा मागून घेतली.

नाव टाकलेलं नाही. तुम्हाला आवडलं नसतं. कोणाचं ताट आहे, ते मी तिला सांगितलं.

सांगायचं राहू नये, म्हणून लिहिलं.

तुम्हाला माझा नमस्कार.