हिरेमठ मॅडम आणि दीड मिलिमीटरची निब

नवं पेन कुणी कौतुकानं दाखवायला आणलं, तर हिरेमठ मॅडम पेनाकडे बघतच नसत. "कागद कुटाय?" हा त्यांचा पहिला प्रश्न. सोलापूरच्या कॉलेजात मी इंग्रजी शिकवायला लागले त्याच आठवड्यात, दुकानातली सर्वांत रुंद इटॅलिक निब घेऊन मिरवत त्यांच्या लायब्ररीत गेले होते. चपट्या टोकाची ती निब, हात वळेल तशी रेघ जाड-बारीक होते. जितकी रुंद तितकी झोकदार, अशी माझी भाबडी समजूत! मॅडमनी एक रेघी वही पुढं सरकवली. मी ऐटीत नाव लिहिलं आणि प्रत्येक अक्षराचं पोट शाईनं बुजून गेलं.

"अय्यो! ह्यानं भिंत रंगवायची गं, नाव नाही!" म्हणत त्यांनी पेन घेतलं आणि निबेच्या रुंदीचे चौकोन जिन्यासारखे एकावर एक चढवले. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु. मराठी अस्खलित, पण मोजणी कायम कानडीत. "पाच चौकोन, तेवढं अक्षर उंच. तुजी ओळ केवढी, चौकोन केवढा, बघ की!"

त्या दिवसापासून मी त्यांच्या मागे लागले. मधल्या सुट्टीत कडक भाकरी, शेंगाचटणी झाली की आमची अक्षरं सुरू. त्याआधी साबणानं दोनदा हात धुवायचे. एकदा मी नुसतेच रुमालाला पुसले, तर रेघ मधेच तुटली. "तेलावर निब नाचती," असं म्हणून त्यांनी मला सरळ नळावर पिटाळलं. प्राध्यापक असले म्हणून काय झालं!

आमच्या कॉलेजाला मानपत्र इंग्रजीत द्यायची जुनी हौस. निवृत्त होणाऱ्या प्रत्येकाचं मानपत्र मॅडमनीच लिहिलेलं. मग एक दिवस त्याच निवृत्त व्हायला निघाल्या, आणि प्राचार्यांनी हातकागदाचा एकुलता एक ताव माझ्या हातात ठेवला. "तुम्ही लिहा. त्यांना कळू देऊ नका." मला आनंदानं नाचावंसं वाटलं आणि ताव परत द्यावासाही वाटला. सगळ्या गावाची अक्षरं सुधारणाऱ्या बाईला मी अक्षर दाखवायचं! बिघडलं तर दुसरा ताव नाही.

शेवटी चोरासारखी त्यांनाच विचारायला गेले. "मॅडम, घरी लावायला एक चौकट करायलीय. मोठा कागद आहे. कोणती निब घेऊ?"

"कागद दाखव."

कसा दाखवणार? वर कॉलेजचं चिन्ह होतं. "अजून आणला नाही," मी थाप मारली.

"हात न बघता बांगडी मागायलीस व्हय गं?" त्या करवादल्या. पण कागदाची लांबी-रुंदी विचारून घेतली, डोळे मिटून हिशेब केला. "दीड मिलिमीटर. डोळे झाकून घे."

घरी येऊन, चौकटीखाली झाकली जाणारी कडेची पट्टी कापली आणि दीडच्या निबेनं एक शब्द लिहिला. हातकागदानं शाई अशी प्यायली की रेघ फुगून दोनाच्या घरात गेली. मॅडमचा शब्द मोडायचा? पण ती फुगलेली रेघ डोळ्यांपुढून हलेना. मी एक पॉइंट एकची निब लावली, कानडीत पाच चौकोन मोजले आणि लिहायला बसले.

समारंभात मॅडमनी मानपत्र हातात घेतलं, चष्मा चढवला. मजकूर वाचलाच नाही त्यांनी. समोर माइक चालू. "हे एक पॉइंट एकनं लिवलंय. मी दीड सांगितलं होतं की."

माझा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी ताव उजेडाकडे धरला, कोपरा चिमटीत चोळला.

"दीडनं सगळा चिखल झाला असता. बरं झालं, माजं ऐकलं नाहीस." मग लोकांकडे वळून म्हणाल्या, "आता मी खुशाल जाते." आभाराचं भाषण तेवढंच. टाळ्यांच्या कडकडाटात मी स्टेजवरच हमसून रडले, आणि इतकी खूश मी आयुष्यात कधी झाले नव्हते.

आता त्या लेकीकडे हुबळीला असतात. मी फोन करते. कोणती निब घेऊ, असं विचारत नाही. कोणती घेतली ते सांगते. तिकडून लगेच आवाज चढतो, "का?" आणि आमचं भांडण मस्त रंगतं.