आजाराची बातमी आधी कोणाला?

मित्रांनो, सकाळपासून एक गोष्ट छातीत अडकून बसली आहे.

शेजारची प्राची मानसशास्त्र शिकते. कोणत्या देशात माणूस आधी स्वतःचं बघतो अन् कुठे आधी घराचं, हे मोजायला ती प्रश्न विचारत फिरते. आज आमच्या नंदनवनच्या घरी आली. एकमेकांचं ऐकून उत्तरं देऊ नयेत म्हणून मला पुढच्या खोलीत बसवलं, बायको अन् मुलाला स्वयंपाकघरात.

"काका, कोणाले मोठा आजार निघाला तर आधी त्याले सांगावं, का घरच्यांनी आपसात ठरवावं?"

"त्यालेच सांगावं वं! माझं शरीर अन् मलेच माहीत नको?" मी हसलो. लकडगंजात लाकडाचं दुकान काही कोणाला विचारून उभं केलं नाही मी.

मग तिने आत जाऊन तोच प्रश्न विचारला. लाकूड ठोकून आतून पोकळ आहे का ते ओळखणारे माझे कान. आत पोळ्या लाटायचा आवाज थांबला.

"घरच्यांनीच ठरवावं, बाई," बायको म्हणाली. "हे तं खचूनच जातीन."

"आई, हळू वं! बाबाचे कान तेज आहे."

माझ्या पोटाचा रिपोर्ट काल मुलानेच आणला. "सगळं नॉर्मल आहे बाबा," म्हणाला होता.

जेवताना विचारायची हिंमत झाली नाही. भाजी छान झाली, एवढंच म्हणालो. बायकोने न विचारता अजून वाढली.

तुम्ही विचारलं असतं का?

मुलगा माझी प्रत्येक पोस्ट वाचतो. राजा, मी पुढच्या खोलीतच बसलो आहे. रिपोर्ट दाखवायचा का नाही, तूच ठरव गा.