सुभेदार आणि बडबड्या सर्व्हर

सुभेदार दिवसातून मोजून दहा शब्द बोलत. त्यातले चार ‘चहा सांगू का साहेब’ हेच असत. मेढ्याकडचा माणूस, लष्करात सिग्नलला नोकरी करून आलेला. साताऱ्याच्या आमच्या डेअरीत ते सर्व्हरच्या खोलीत ऑपरेटर होते आणि मी त्यांचा साहेब. मला कम्प्युटरमधलं सगळं कळतं असं डेअरीत एकाच माणसाचं मत होतं. तो मी.

मी सर्व्हरवर देखरेखीचा एक प्रोग्रॅम बसवला. पडद्याआड तो सतत दुधाच्या टाक्या, कॉम्प्रेसर, डिस्क तपासायचा आणि प्रत्येक तपासणी लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फाइलमध्ये, लिहायचा. मी हौसेने सगळं सविस्तर लिहायला लावलं. मग काय! ‘टाकी एक ठीक, टाकी दोन ठीक, कॉम्प्रेसर ठीक’, दर सेकंदाला. पाहुण्यांना मी हा धबधबा कौतुकाने दाखवी. सुभेदार एकदाच म्हणाले, “आवं साहेब, ठीक हाय तर वरडतंय कशाला?” मी त्यांना तासभर आधुनिक तंत्रज्ञान समजावलं. त्यांनी चहा सांगितला.

दोन महिन्यांत लॉगने डिस्क गच्च भरली आणि ऐन सकाळी सर्व्हर बसला. दुधाची नोंद होईना, गेटवर टँकर तुंबले. कवठे महांकाळचा एक ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, “काय साहेब, कम्प्युटरला बी अजीर्ण झालं व्हय?” सुभेदारांनी जुना लॉग पुसून जागा केली. मी मात्र चिडून प्रोग्रॅमचं लिहिणंच बंद करून टाकलं. घरी माझं कुणी ऐकत नाही. इथे एका ओळीत सगळं गप्प.

“पहाऱ्यावरच्या गड्याचं तोंड शिवू नगासा,” सुभेदार म्हणाले. “काय दिसलं की वरडायचं, तेवढं सांगा त्याला.”

“सुभेदार, ही पलटण नाही.”

“व्हय,” म्हणाले, आणि त्या दिवसापासून तासातासाला खाली जाऊन टाकीच्या गार पाइपाला तळहात लावून येऊ लागले. मला हसू येई.

महिन्याभराने भर दुपारी एका टाकीचा कॉम्प्रेसर बंद पडला. प्रोग्रॅमला ते दिसलं, पण तो बिचारा आज्ञाधारक. सुभेदारांच्या तळहाताला पाइप कोमट लागला. धापा टाकत ते जिना चढून आले. “साहेब, दूध नासतंय. उठा!” आम्ही दूध शेजारच्या टाकीत वळवलं. वाचलं.

संध्याकाळी प्रोग्रॅम नव्याने लावला. ठीक असेल तर गप्प. बिघाड झाला की एकदा लिही, सुधारला की एकदा. रोज सकाळी ‘मी जागा आहे, झोपलेलो नाही’ एवढी एकच ओळ. आठवड्यापूर्वीचा लॉग आपोआप पूस. नियम सगळे सुभेदारांचे. टाइप मी केलं, त्यातल्याही दोन चुका त्यांनी दाखवल्या.

दुसऱ्या दिवशी डेअरीच्या अध्यक्षांनी सगळ्यांसमोर विचारलं, “बिघाड कुणी हेरला?” प्रोग्रॅम गप्प कुणी केला हे पुढे विचारलं असतं, तर माझी नोकरी तिथेच संपली असती. सुभेदारांनी माझ्याकडे बोट केलं. “साहेबांनी.”

मी शाल घेतली, नारळ घेतला, फोटोत हसलोसुद्धा. खरं सांगायला फार तर चार सेकंद लागले असते.

गेल्या वर्षी सुभेदार गेले. त्यांच्या घरी मेढ्याला भेटायला गेलो आणि त्यांच्या पत्नीला, काकूंना, सगळं सांगून टाकलं.

“ठावं हाय,” त्या म्हणाल्या. “त्याच दिशी घरी येऊन म्हणालं, साहेब लय भ्यालं हुतं, पोरं ल्हान हायत त्यांची, म्हणून नाव त्यांचं घेतलं.” मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “म्हणायचं, साहेब एक दिवस येऊन आपणहून सांगत्याल. लय उशीर केलासा.”