भाऊ हॉटेलात होता तेव्हा

माझा धाकटा भाऊ आमदार झाला तेव्हा आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत राहत होतो, अजूनही तिथंच राहतो. माहेर नदीकाठचं. घरात निम्मं बोलणं कानडी, म्हणून तो मला अक्का म्हणायचा. आई लवकर गेली, त्याला मीच वाढवलं. आमदार झाल्यावरही तो मुंबईहून आला की आधी माझ्याकडं यायचा, स्वयंपाकघरात खाली मांडी घालून बसायचा आणि भाकरी मऊ झाली म्हणून भांडायचा. बाहेर गाडीत त्याची माणसं ताटकळत बसायची.

निवडून आल्याच्या पुढच्याच पावसाळ्यात नदीनं गावं वेढली. तो बोटीतून घरोघरी फिरला. एक म्हातारी शेळीशिवाय निघेना, तर शेळीही बोटीत घेतली. पायाला पाण्यानं चिखल्या पडल्या होत्या, त्याला मीच घरी हळद लावली. त्या वर्षी मी बाजारात गेले की भाजीवाल्या माझ्याकडून पैसे घ्यायला तयार नसत.

पुढं सरकार डळमळायला लागलं. टीव्हीवर दिवसभर तेच चाललेलं, कोण इकडं, कोण तिकडं. एक वाहिनी भावाला या बाजूला धरायची, दुसरी त्या बाजूला. मी विचारलं तर म्हणाला, मी हाय तिथंच हाय की, तू कशाला टीव्ही बघतीस. मग तो बैठक आहे म्हणून मुंबईला गेला आणि त्याचा फोन बंद झाला. भावजयीला कुणातरी तिसऱ्याच माणसाच्या फोनवरून निरोप आला, की मुलांना घेऊन माहेरी जा. ती बेळगावकडं निघून गेली. जाताना मला तिनं एवढंच सांगितलं, की निरोप देणाऱ्याला मुलांची शाळा किती वाजता सुटते ते माहीत होतं.

दोन-तीन दिवसांनी तो टीव्हीवर दिसला. परराज्यातल्या कुठल्याशा मोठ्या हॉटेलची हिरवळ, तिच्यावर ओळीनं उभे केलेले आमदार, सगळ्यांचे हात वर. शाळेच्या फोटोसारखं वाटत होतं. आमचा मागच्या ओळीत होता. हात त्याचाही वर होता, पण तो कॅमेऱ्याकडं बघत नव्हता. शेजारी हात खाली ठेवून उभ्या असलेल्या एका माणसाकडं बघत होता. तो माणूस आमदार नव्हता.

त्याच दुपारी आमच्याकडं एक गृहस्थ आले. पन्नाशीचे, इस्त्रीचा शर्ट, बोलणं अगदी शुद्ध, आपल्याकडचं नव्हे. हातात पेढ्यांचा पुडा. साहेबांनी तुमची चौकशी करायला पाठवलंय म्हणाले. कुठल्या साहेबांनी, असं माझ्या मिस्टरांनी विचारलं, तर नुसते हसले. चहा घेतला. आमची मुलगी पुण्यात डॉक्टर आहे, तिच्या दवाखान्यासमोर गाडी लावायला जागा मिळत नाही हे त्यांना ठाऊक होतं. मिस्टर रोज सकाळी कुठल्या रस्त्यानं फिरायला जातात तेही. निघताना दारात थांबून म्हणाले, "परिसर छान आहे तुमचा. शांत." त्यानंतर समोरच्या कडुलिंबाखाली एक पांढरी गाडी उभी राहायला लागली. आत बसलेली माणसं कुणाशी बोलत नव्हती. मिस्टरांनी फिरायला जाणं बंद केलं. पेढे मी तसेच ठेवले, मग मुंग्या लागल्या.

ते गृहस्थ येऊन गेले त्याच संध्याकाळी भावाचा फोन आला होता. नंबर अनोळखी होता, आवाज त्याचाच.

"नमस्कार. मी सुखरूप आहे. जेवणाची व्यवस्था उत्तम आहे. आपण काळजी करू नका."

जन्मात तो मला कधी 'आपण' म्हणाला नव्हता. मी विचारलं, "कुठं हाईस रं? कोण हाय तुझ्याजवळ?"

"आम्ही सगळे एकत्र आहोत," तो म्हणाला, आणि फोन ठेवला गेला. त्यानं ठेवला असं मला वाटत नाही.

त्या आठवड्यात चौकातल्या फ्लेक्सवर त्याच्या तोंडाला काळं फासलं. लक्ष्मीपुरीत भाजी घेताना माहेरच्या गावची एक बाई भेटली. पुरात तिच्या सुनेचे दिवस भरले होते, तिला भावानं स्वतः दवाखान्यात पोचवलं होतं. ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "त्येला म्हनावं, गावात यिऊ नगं. माझी पोरंच दगुड घिऊन बसल्यात." ती चिडलेली नव्हती. तिला भीती वाटत होती, मुलांची की भावाची, ते मला कळलं नाही.

सभागृहात मतदान झालं, सरकार पडलं, नवं आलं. भाऊ भर दुपारी परतला. पुढं-मागं पोलिसांच्या गाड्या. एरवी तो आला की गल्लीतली पोरं धावायची. त्या दिवशी खिडक्या लागल्या. त्यातले दोन बंदूकधारी पोलीस माझ्या सोफ्यावर बसले. भाऊ स्वयंपाकघरात आला, पण खाली बसला नाही. उभ्यानंच पाणी प्यायला. मी दार लोटून घेतलं आणि विचारलं, मारलं का तुला, धमकावलं का.

"कुनी हात लावला न्हाय, अक्का. कुनी मोठ्यानं बोललं पन न्हाय." तो ओट्याला टेकला. "रोज सकाळी नाष्ट्याच्या टेबलावर फोन आणून ठिवायचं. त्यात तुझ्या फाटकाचा फोटो. त्या दिवसाचा. एकदा तू रांगोळी काढतानाचा. बास. दावायचं आनि म्हनायचं, इडली घ्या साहेब."

बाकीच्यांनाही असंच का, असं मी विचारलं. त्यावर म्हणाला, काहींना दाखवावं लागलं नाही, ते आपल्या पायानं आले होते. पण लॉनवर उभं केल्यावर कोण कसा आलाय ते ओळखू येत नव्हतं. एकमेकांना विचारायची सोय नव्हती.

मी म्हटलं, पोलिसात सांग. त्यानं सोफ्याच्या दिशेनं मान हलवली.

ती टर्म त्यानं पूर्ण केली. मतदारसंघात रस्ते झाले, पूल झाला. पुढच्या निवडणुकीत अर्ज भरायला चल म्हणाला, मी गुडघ्याचं कारण सांगितलं. तो पहिल्यापेक्षा मोठ्या फरकानं निवडून आला. दगड घेऊन बसलेली पोरं आता त्याच्या गाडीत असतात.

पांढरी गाडी केव्हाच गेली. गावाकडची माणसं कामं घेऊन अजून माझ्याकडं येतात, बदली, शाळेचा प्रवेश, दवाखाना. आमच्याकडची माणसं, शेजारच्या गल्लीत ऐकू जाईल असं बोलणारी. पण माझ्या उंबऱ्याच्या आत आली की आवाज खाली येतो. त्यांना तसं करायला कुणी सांगितलेलं नाही. परवा एकानं चहाचा कप ठेवताना आधी खिडकीकडं पाहिलं. मी उठून पडदा ओढला.