पाठ फिरवून घेतलेली नावं

मनसाराम आणि त्याची बायको प्रेमिला यांचं भांडण मी ऐकलं ते कुडापलीकडून. मुद्दाम नाही, मी आपली अंबाडीची पानं खुडत होते. पण कुडाला भोकं असतात, आणि मला कान.

"जागा पाह्यली काय तुमी?" प्रेमिला विचारत होती.

"पाहून कायले? पाठ फिरवूनच तर नावं घ्याची हायेत."

"मासोळीचा वाटा आन् जमिनीचा पलाट एकच हाय काय?"

"लोकाइचा भरोसा हाय माह्यावर."

"त्याचंच तं भेव लागून राह्यलं मले."

तीन वर्षं झाली याला. आमचं गाव नागभीडकडचं, धीवरांचं. तलावातली मासोळी काढली की पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, पळसाच्या पानांवर घरागणिक वाटे लावतात. मनसाराम वाट्यांकडे पाठ करून बसायचा. कोणी एका वाट्याला काडी लावून विचारायचं, "हा कोनाचा?" तो न पाहता एक नाव घ्यायचा. स्वतःचं नाव सगळ्यात शेवटी. उरेल ते त्याचं. वीस वर्षांत कोणी कुरकुर केली नाही. माझी ओसरी पाळीसमोरच, तिथून सगळं दिसतं, ऐकू येतं; पण गुडघे गेल्यापासून माझा वाटा तोच आणून द्यायचा. "बाई, वाटा!" म्हणायचा आणि निघायचा. चहाला कधी थांबला नाही.

त्या भांडणाच्या थोडं आधी वाटे चालले असताना पाळीवर पांढरी गाडी थांबली. गुणवंतराव उतरले. घुग्घुसकडे प्लॉट पाडून विकणारे. मासोळीकडे त्यांनी पाहिलंही नाही. मनसारामच्या पाठीकडे पाहत राहिले. त्यांना जमीन सापडलेली नव्हती, माणूस सापडला होता.

आठवड्यात मनसाराम 'पार्टनर' झाला. फोटोचं कार्ड गळ्यात. ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यांच्यासाठी कर्ज देणाराही गुणवंतरावांनीच आणला. मग त्याच पाळीवर एकोणीस दगड मांडले, दगडामागे एक प्लॉट. मनसाराम पाठ फिरवून बसला. "हा कोनाचा?" एकोणीस नावं झाली. त्यात एक माझं. मरायच्या वयात मले पलाट! सही येते मला, पण कागदावर घाईत अंगठाच उठवला.

यंदा मनसारामची पोरगी डिंपल कागद घेऊन तिकडच्या तलाठ्याकडे गेली. येऊन म्हणाली, "बाबा, सरकारी कागदात ते झुडपी जंगल हाय. तिथं घर तं सोडा, खुटाबी गाडता येत नाई." गुणवंतरावांचा फोन बंद. कर्जवाला मात्र दर मंगळवारी बरोबर दारात. आणि दोन दिवसांपासून पाळीच्या टोकाला एक मोटारसायकल उभी राहू लागली. नंबर नसलेली. दोघं बसून असायचे, कोणाशी बोलायचे नाहीत.

त्याच दिवसांत मासोळी निघाली. वाटे लागले. मनसाराम पाठ करून बसला. काडी लागली, पण कोणी विचारेना. मग शेजारचा मिथुन म्हणाला, "भाऊ, तोंड इकडे करा. आमाले तुमचं तोंड पाहू द्या."

मनसाराम वळला. एकेकाच्या डोळ्यात पाहून नावं घेतली. एकही नाव चुकलं नाही. शेवटचा वाटा उरला तेव्हा म्हणाला, "अजून दोन नावं रायली. उद्या पोलीस ठाण्यात जाऊन घेतो. पह्यलं गुणवंतरावचं. माहं शेवटी."

"जपून जाजा, भाऊ," मिथुन हळूच म्हणाला. पाळीच्या टोकाला मोटारसायकल सुरू झाली.

ठाण्यात तो पोचला नाही, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. मी सांगते ते आदल्या संध्याकाळचं. मी ओसरीवर होते. तो आला, मासोळीचं पान टोपल्यात ठेवलं. पाहते तर दोन वाटे. माझा, आणि त्याचाही.

"हे कायले रे? प्रेमिलाले काय देशील? बस, चहा टाकते."

"राहू द्या," तो म्हणाला. फाटकाशी गेल्यावर त्याला आठवलं, तेव्हा वळून नेहमीसारखी हाक दिली, "बाई, वाटा!"